घोड्याचा रकाना

लग्नाच्या नवव्या वर्षी मी माझी बायको एका जॉकीवर लावली आणि हरलो.

हे वाक्य मी होईल तितकं साधं लिहिलंय, कारण आमच्या नात्यागोत्यात ते फार तिखटमीठ लावून सांगितलं जातं. नांदेडच्या मावससासूबाई तर सांगतात, हरल्यावर जावईबापू घोड्याचे पाय धरून रडले. हे साफ खोटं आहे. मी घोड्यापासून बराच लांब होतो. (रडलो, ते वेगळं.)

त्या काळी मी लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो. शिकवता शिकवता खिडकीबाहेर बघायची मला सवय. बाहेर काही फार नव्हतं. एक लिंबाचं झाड, त्याखाली रसवंती, तिचं चाक फिरायचं आणि घुंगरं वाजायची. पण ती घुंगरं ऐकता ऐकता माझा खडू फळ्यावर तसाच टेकलेला राहायचा आणि मी कुठल्या कुठे निघून जायचो. मग पहिल्या बाकावरून कुजबुज व्हायची, "सर गेले!" एकदा ही कुजबुज व्हरांड्यातल्या शिपायानं ऐकली आणि त्यानं शोकसभेसाठी सतरंजी काढली. अशा माणसाच्या हातात घर होतं. घर म्हणजे बायको कुंदा आणि दोन मुली.

त्यात भूकंप झाला. किल्लारीकडे जे झालं त्यावर विनोद होत नाही आणि मी करणारही नाही. आमच्या घराच्या एका भिंतीला फक्त चीर गेली, केसांच्या भांगाएवढी. पण कुंदाचा त्या स्लॅबवरचा विश्वास उडाला तो उडालाच. आम्ही अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं आणि तिथं राहायला लागलो. सगळी गल्लीच अंगणात आली होती. कोणाच्या घरी काय शिजतंय आणि कोण कोणाशी भांडतंय, हे सगळ्यांना सारखंच ऐकू यायचं. हिवाळ्याच्या सकाळी सगळ्या चुलींचा धूर धुक्यात मिसळायचा आणि मला वाटायचं, आपण कुठल्यातरी लांबच्या प्रवासाला निघालोय आणि हा मधला मुक्काम आहे.

कुंदाचे वडील तात्या नांदेडला एकटे राहायचे. कोर्टात शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले. सासूबाई जाऊन पाच वर्षं झालेली. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी ते मिळेल त्या एसटीनं लातूरला आले ते दोन्ही हातांत एकेक भोपळा घेऊन. भोपळे कशासाठी, ते त्यांना स्वतःलाही सांगता येईना. "घाईत हाताला लागले ते आणले," म्हणाले. मग दोन्ही भोपळे खाली ठेवून त्यांनी कुंदाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

नंतर एकदम शिरस्तेदाराचा आवाज.

"कुंदे, सामान बांध. नांदेडला चल."

"तात्या, माझी नोकरी..." मी म्हणालो.

"नोकरी न्हाई का नांदेडात? तिथली जमीन तरी जागेवर हाय!"

तेव्हापासून ते दर पंधरा दिवसांनी यायचे आणि हेच म्हणायचे. मी हलायला तयार नव्हतो. कारण त्याच दिवसांत लातुरात क्लासेसचं वारं शिरलं होतं. भिंती पडलेल्या गल्ल्यांतसुद्धा उरलेल्या भिंतीवर क्लासची जाहिरात! चाकूर, देवणी, निलंगा, सगळीकडून आईबाप लेकरांना आणि पत्र्याच्या पेट्यांना घेऊन येत होते. मला दिवसाढवळ्या स्वप्न पडायचं: माझा स्वतःचा क्लास, हिरवा फळा, भरलेली बाकं, आणि मी खिडकीबाहेर बघतोय.

दिवाळीला आम्ही नांदेडला गेलो. दुपारी सगळे झोपल्यावर तात्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मला जुनी रेसची पुस्तकं सापडली. तरुणपणी तात्या हैदराबादला शिकायला होते, तेव्हा ते रेसला जायचे. (पैसे न लावता. नुसतं बघायला. असं ते सासूबाईंना सांगायचे.) त्या पिवळ्या पानांवर घोड्यांची नावं होती आणि प्रत्येक घोड्यापुढं जॉकीचं नाव. त्यानं किती शर्यती केल्या, किती जिंकल्या, दुसरा कितीदा आला, सगळं बारीक टायपात. मी ते पान उन्हाच्या तिरिपीत धरलं आणि गेलो! ट्रंकेजवळ बसल्या बसल्या मला टापांचा आवाज ऐकू यायला लागला.

दुसऱ्या दिवशी तात्या मला भोकरकडच्या एका जत्रेत घेऊन गेले. तिथं घोड्यांच्या शर्यती असायच्या. माळावर चुन्याची एक रेघ, लांबवर एक वड. रेघेपासून निघायचं, वडाला वळसा घालायचा आणि परत. सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. घोडे धुक्यात शिरले की नुसता आवाज उरायचा, आणि मग एकदम, कोणी पडद्यातून ढकलल्यासारखे, वाफाळत बाहेर यायचे. मी इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं.

तात्या मात्र प्रत्येक घोड्याच्या जवळ जाऊन त्याच्या डोळ्यात बघत होते.

"हा जिंकतो बगा. डोळ्यात पानी हाय त्याच्या."

त्या घोड्याचे डोळे आलेले होते. तो वडापर्यंत पोचलाच नाही.

"तात्या," मी म्हणालो, "घोडा काय बघता? त्याच्यावर बसणारा बघा. घोडा मुकं जनावर आहे. शर्यत जिंकतो तो जॉकी!"

"कामून? जाकी पळतो का?"

"आकडे सांगतील," मी म्हणालो. संख्याशास्त्राच्या माणसाला एवढं म्हणता आलं की पुढचं आयुष्य बरबाद करायला तो मोकळा होतो.

त्या हिवाळ्यात मी एकही रविवार घरी नव्हतो. चाकूर, देवणी, भोकर, कंधार, जिथं जत्रा आणि जत्रेत घोडे, तिथं मी रजिस्टर घेऊन हजर. रजिस्टरमध्ये मी रकाने आखले होते: जॉकीचं नाव, गाव, वय, वजन, घोडा, शर्यती किती, जिंकल्या किती. वजनासाठी मी लोकांना अडत्याच्या काट्यावर उभं करायचो. (एका जॉकीला हमालानं पोत्यांबरोबर चुकून ट्रकमध्ये चढवला. तो उदगीरला उतरला. त्या रविवारची नोंद अपुरी आहे.)

अडचण वेगळीच निघाली. भूकंपानंतरचे दिवस, रजिस्टर घेतलेला माणूस दिसला की लोकांना वाटायचं, पंचनाम्याला सरकार आलं.

"सायेब, माझी बी भिंत पडलीय. ल्याहा."

"अहो, मी घोड्यांसाठी आलोय."

"घोडं त्याच भिंतीखाली बांदत होतो न्हवं! ल्याहा."

नाही कसं म्हणणार? म्हाताऱ्या बाया हाताला धरून घरात न्यायच्या, चहा द्यायच्या, चीर दाखवायच्या. मी लिहून घ्यायचो आणि सोमवारी कॉलेजला जायच्या आधी ती नावं कचेरीत नेऊन द्यायचो. शेवटी मी रजिस्टरमध्ये 'पडझड' असा एक रकानाच वाढवला. पान तेवढंच, त्यामुळे एक रकाना काढावा लागला. मी घोड्याचा काढला.

रविवारी मी परत यायचो तो अंगभर धूळ आणि डोक्यात टापा. शेडमध्ये कुंदा चुलीपुढे बसलेली असायची, पोळ्यांची मोठी चळत शेजारी. एवढ्या पोळ्या कशाला, असं एकदा माझ्या मनात आलंही होतं. पण तेव्हाच टाप ऐकू आली आणि मी गेलो.

फाल्गुनापर्यंत तक्ता तयार झाला. मी तो कुंदाला दाखवला. सगळ्यात वर एकच नाव होतं, हणमंतू. भोकरकडचा सडपातळ गडी, वजन एखाद्या शाळकरी मुलाएवढं, उतरला तिथं बहुतेक जिंकलेला! आणि सगळ्यात खाली गोविंदराव पोस्टमन. हा माणूस शर्यतीतसुद्धा ओळखीचं कोणी दिसलं की लगाम सोडून नमस्कार करायचा. आयुष्यात एकदाही जिंकला नव्हता.

कुंदानं तक्ता वरून खाली वाचला.

"ह्यात घोड्याचं नाव कुठाय?"

"ते गौण आहे."

"आन हे 'मागची भिंत, दोन चुली, एक रांजण' हे काय हाय?"

"ते... ती पडझड."

तिनं तक्ता परत दिला आणि कणीक मळायला घेतली. मला ते कौतुक वाटलं.

होळीनंतर आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. जेवायला बसलो. कुंदा आत मिक्सरवर चटणी वाटत होती, आणि त्या मिक्सरचा आवाज विमानतळावरचा होता. तात्यांनी नेहमीचा विषय काढला.

"जावईबापू, कधी येऊन रायले मग नांदेडला?"

"तात्या, माणसानं भीतीवर नाही, आकड्यांवर चालावं."

"तुमचे ते जाकीचे आकडे?"

"तेच. पाडव्यानंतरच्या मोठ्या शर्यतीत हणमंतू जिंकणार. लिहून देतो."

"लागली पैज!" तात्या ताटावरूनच म्हणाले. मग एकदम त्यांच्यातला शिरस्तेदार जागा झाला. "पर पैशाची न्हाई. पैशाची पैज म्हंजे गुन्हा. जिंदगी कोर्टात गेली माझी."

"मग काय लावायचं?"

मिक्सर घरघरत होता. तात्यांनी आवाज खाली आणला.

"हणमंतू हरला तर बिऱ्हाड नांदेडात. कुंदी, दोन्ही पोरी, समदं. जिंकला तर मी पुन्ना हा विषय काढनार न्हाई."

मी उष्टा हात पुढे केला. कायद्याच्या इतक्या धाकात असलेली दोन माणसं पैसे लावायचे टाळून एका बाईला पणाला लावत होती आणि दोघांनाही आपण फार सज्जन आहोत असं वाटत होतं! मिक्सर थांबला. कुंदा चटणी घेऊन बाहेर आली.

"काय बोलून रायले?"

"हवापाण्याचं," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मला विजयाची इतकी खात्री होती की मी दोन गोष्टी केल्या. कोणी सांगितल्या नव्हत्या, माझ्या मीच केल्या. पहिली, मी हणमंतूला गाठून तक्ता दाखवला. वाटलं, गडी खूश होईल. त्यानं वरच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे मी? समद्याच्या वर?" मी म्हणालो, "संपूर्ण दोन जिल्ह्यांत!" त्यानं मला एक प्रत मागितली. दिली.

दुसरी, मी भोकरच्या करीमभाईंचा बँड ठरवला आणि ठरवताना पैजेची सगळी हकिगत सांगून टाकली. हणमंतू वडाला वळसा घालून पुढे दिसला रे दिसला, की वाजवायला सुरुवात! ते दृश्य मी इतक्यांदा मनात बघितलं होतं की मला त्यातल्या धुळीनं शिंकाही यायच्या.

शर्यतीच्या दिवशी आम्ही सगळे भोकरकडच्या त्याच माळावर पोचलो. पळस फुलून संपत आला होता, ऊन कोवळं होतं, आणि जत्रेचे पाळणे दुरून हळूहळू फिरताना दिसत होते. सगळं कसं स्वप्नातल्यासारखं चाललं होतं. मैना आली. मैना म्हणजे चाकूरच्या शेषेराव पाटलांची करडी घोडी. तिला बघून मी ओळखीचं हसलो, कारण हणमंतूला मी नेहमी तिच्यावरच बघितलं होतं. आज तिच्यावर गोविंदराव पोस्टमन होते. त्यांनी लगाम सोडून मला नमस्कार केला.

"हणमंतू कुठाय?" मी ओरडलो.

हणमंतू मागून आला. पांढऱ्याशुभ्र, जाडजूड घोड्यावर. घोड्याच्या कपाळावर आरसे लावलेला पट्टा होता, तो कोणीतरी घाईघाईनं सोडत होतं.

"सर, तुमचा कागुद दावला पाटलाला," हणमंतू म्हणाला. "म्हनलं, बगा, दोन जिल्ह्यात म्या वर हाय, आता दुप्पट द्या. पाटील म्हनले, घोडीमुळं जितलालास तू. म्या म्हनलं, माझ्यामुळं जितालीय घोडी! लई वाढलं. म्हनले, उतर खाली. म्या बी उतरलो. आता ह्या बादशावर बसून दाखवतो त्यास्नी."

"हा घोडा कोणाचा?"

"मेरा," शेजारून करीमभाई म्हणाले. बँडही त्यांचाच, घोडाही त्यांचाच. "शादी का घोड़ा है सर. नांदेड से भोकर तक आधे दूल्हे इसी पे बैठे. ताकत बहोत. पर सर, इसका दिल बाजे में है. बाजा जरा सोच के..."

मी ऐकत नव्हतो. मी आतल्या आत रकाने तपासत होतो. घोडा बदलला म्हणून काय झालं? माझा आकडा माणसाचा होता! उलट आज तर शास्त्राची खरी परीक्षा.

"करीमभाई, सोचायचं काही नाही," मी म्हणालो. "एकदम जोरात!"

"हौ," करीमभाई म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात.

इकडे कुंदा मुलींना घेऊन मांडवाच्या सावलीत उभी होती. बँडमधला ढोलवाला तिला ओळखून अदबीनं पुढे झाला.

"बाई, तुमी हितंच थांबा. सायेबानं तुमाला जितलं की आमी लगीच वाजवून रायलो."

"मला काय केलं?"

"जितलं. तुमी न्हाई का पैजंत?"

कुंदा माझ्याकडे वळली. आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"अहो, मी पैजंत हाय?"

"तसं अगदी... म्हणजे बिऱ्हाड..."

"तात्या?"

तात्या एका लांबच्या घोड्याच्या डोळ्यात बघायला निघून गेले होते.

"धर्मराजानं लावली, पण त्यानं आधी भाऊ तरी लावले होते," कुंदा म्हणाली. "तुम्ही सरळ माझ्यापासनंच सुरुवात केली!"

एवढ्यात झेंडा पडला.

त्यापुढचं मला अजून सावकाश दिसतं. आठ घोडे सुटले. धूळ उठली, सोन्याच्या भुकटीसारखी, आणि माणसं, पाळणे, रेवड्यांची दुकानं, सगळं तिच्यात विरघळलं. टापांनी जमीन थरथरायला लागली तेव्हा जत्रेतल्या निम्म्या माणसांनी दचकून आभाळाकडे आणि मग एकमेकांकडे बघितलं. त्या वर्षी जमीन हलली की सगळ्यांचंच तसं व्हायचं. कुंदानं मुलींना पोटाशी धरलं. आणि तात्या, ते एवढ्या लांबून धोतर सावरत पळत आले आणि कुंदाच्या खांद्याला धरून उभे राहिले. मी ते बघितलं. पण बघून ठेवलं नाही. मी वडाकडे बघत होतो.

वडाच्या मागून पहिला बाहेर आला तो पांढरा! बादशहा! हणमंतू त्याच्या मानेवर आडवा झालेला, मैना दोन घोडे मागे, तिच्यावर गोविंदराव. मी नाचायला लागलो. "बघा! जॉकी! जॉकी जिंकतो!" बादशहा येत होता, ढगासारखा येत होता, चुन्याची रेघ दहा पावलांवर...

"करीमभाई!"

बँड सुरू झाला.

बादशहाचे कान ताठ झाले. दौड थांबली. कोणी कळ दाबावी तसा तो जागच्या जागी शांत झाला, त्यानं मान डौलदार वाकवली, आणि चारी पायांनी नाचायला लागला! उजवा पुढे, डावा पुढे, एक पाऊल मागे.

"चल, ए चल!" हणमंतू टाचा मारून मारून ओरडत होता. बादशहाला वाटलं, नवरदेव लाजतोय. तो आणखी ठुमकला.

"बंद करा! बँड बंद करा!" मी किंचाळलो. पण एकदम जोरात वाजवायला मीच सांगितलं होतं. क्लॅरिनेटवाल्यानं डोळे मिटले होते, आणि त्याला माझं किंचाळणं ही फर्माईश वाटली. मैना शेजारून निघून गेली. रेघ ओलांडताना गोविंदरावांनी लगाम सोडून दोन्ही हातांनी पब्लिकला नमस्कार केला. मग बाकीचे घोडे गेले. मग एक शिंगरू गेलं, ते शर्यतीत नव्हतं.

बादशहानं रेघ ओलांडलीच नाही. तो आडवा वळून मिरवत मिरवत मांडवाकडे आला, कुंदासमोर येऊन उभा राहिला आणि नवरदेवाला उतरवून घ्यायची वाट बघत राहिला. कुठल्याशा म्हाताऱ्या बाईनं सवयीनं हणमंतूच्या पायावर पाणी ओतलं. हणमंतू घोड्यावरच रडायला लागला. तिकडे लांब, बँडपाशी, मीही लागलो. ते तेव्हाचं.

"हारलाव!" तात्या ओरडले. म्हातारा आनंदानं अर्धा फूट वर उडाला. "जावईबापू, हारलाव! कुंदे, सामान बांध!"

"कोणाचं?" कुंदा म्हणाली.

"तुझं. पैज झालीय आमची."

"पैज तुम्हा दोघांची. तुम्ही दोघं बसा बांधत." तिनं पदर खोचला. "मला लातुरातून हलता येत न्हाई. अकरा मुलींचे डबे हाईत माझ्याकडं."

"कसल्या मुली?" मी विचारलं.

"क्लासच्या! देवणीच्या हाईत, औरादच्या हाईत. पलीकडच्या गल्लीत खोल्या करून रायल्यात. मेसचं खाऊन पोटं बिघडली त्यांची. दिवाळीपासनं दोन्ही वेळचं जेवण देते मी. जूनपासनं आणखी नऊ येणारेत." ती माझ्याकडे वळली. "पोळ्यांची चळत दिसली न्हाई कधी तुम्हाला?"

दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक जॉकीनं शर्यतीच्या आदल्या दिवशी काय खाल्लं, हे मला पाठ होतं. माझ्या घरून अकरा मुलींचे डबे जात होते, त्याची नोंद नव्हती.

 तात्यांचा उडण्याचा जोर गेला आणि ते एकदम मांडवाच्या बांबूला धरून खाली बसले.

"मला झोप लागंना गं कुंदे," ते हळूच म्हणाले. "रोज वाटतं, पुन्ना हालली. मी तिथं, तू हितं. मधी एवढी एसटी. पोचायला किती घंटे लागतात..."

बँड एव्हाना थांबला होता. बादशहा तेवढा अजून उभ्या उभ्या झुलत होता. कुंदा वडिलांशेजारी मातीत बसली. तिनं त्यांची टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"मग तुम्हीच या ना लातूरला. एकटं कामून राहून रायले तिथं? भीती वाटते तर जवळ येऊन भ्या."

"लेकीच्या घरी राहू?"

"कामाला या. वीस जणींचा लसूण कोण सोलणार?"

तात्यांनी कोर्टातल्या माणसासारखा थोडा वेळ विचार केला. पैजेच्या अटीत हे बसत नव्हतं. पण हरकत घ्यायला वकील म्हणून फक्त मी होतो, आणि मला त्या दिवशी कोणी बोलू देत नव्हतं.

आठवड्याभरात ते एक ट्रंक आणि सवयीनं दोन भोपळे घेऊन आले. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची खाट पडली. पहिल्याच रात्री ते घोरले, इतके की शेजारच्या शेडमधले लोक जमीन हलली म्हणून बाहेर आले. चार वर्षांनी आम्ही चिरेची भिंत पाडून तिथं मोठं स्वयंपाकघर बांधलं, पत्र्याचंच. क्लासेस वाढत गेले, लातूरचं नाव दूरवर गेलं, आणि आमच्या दारात सकाळ-संध्याकाळ चपलांचा डोंगर व्हायला लागला. तात्या शेवटपर्यंत लसूण सोलत, मुलींना हैदराबादच्या रेसच्या गोष्टी सांगत राहिले. माझाही क्लास निघाला, पुढच्या खोलीत. हिरवा फळा होता. खिडकी होती. मुलं बेताची होती.

परवा देगलूरकडचे एक गृहस्थ आले होते. त्यांची मुलगी आमच्याकडे दोन वर्षं जेवून डॉक्टर झाली. त्यांनी कुंदाला वाकून नमस्कार केला, पेढे दिले, डोळे पुसले. मग माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. मी खिडकीशी बसलो होतो.

"आन आपण काय करता मेसमधी?" त्यांनी अदबीनं विचारलं.

तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात बाहेर हातगाडीवाला ओरडला, आणि तोंडातून निघालं ते खरं निघालं.

"भाजी आणतो," मी म्हणालो.

आतून कुंदाचा आवाज आला, "आणतात हो. निवडून आणत न्हाईत!"